गुलाबी कुत्रा, पोळ्याचा बैल आणि परंपरेचा खोटा दाखला

१/
समाजमाध्यमांवर गुलाबी रंगवलेल्या एखाद्या कुत्र्याची चित्रफीत फिरू लागली की तिच्याखालचे तीन प्रतिसाद ठरलेले असतात. पहिला : ‘किती गोड!’ दुसरा : ‘हे क्रौर्य आहे.’ तिसरा इतिहासाचा आधार घेतो : ‘पोळ्याला बैलाची शिंगे रंगवता, तेव्हा कुठे जाते ही करुणा?’ हा थ्रेड त्या तिसऱ्या प्रतिसादासाठी आहे. 🧵

२/
तिसऱ्या प्रतिसादातला युक्तिवाद असा : भारतात जनावरे रंगवण्या-सजवण्याची परंपरा फार जुनी आहे, म्हणून पाळीव प्राणी रंगवणे निरुपद्रवी आहे. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. एखादी गोष्ट पूर्वी होत होती, एवढेच ऐतिहासिक साधन सांगते. ती योग्य होती का, याचा निवाडा साधनाकडून मागणे म्हणजे साक्षीदारालाच न्यायाधीश करणे होय.

३/
माणसाने प्राण्याच्या देहावर खूण, रंग किंवा वस्त्र चढवले, त्यामागे इतिहासात ढोबळमानाने चार हेतू दिसतात : मालकी, कृतज्ञता, प्रदर्शन आणि फसवणूक. चारही जुने आहेत. पोळ्याचा दाखला देऊन कुत्रा रंगवणारा कृतज्ञतेची पुण्याई प्रदर्शनाच्या खात्यावर जमा करतो. वाद आहे तो हिशेबातल्या या घोळाशी. आता एकेक हेतू पाहू.

४/ मालकी
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गोऽध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. गुरांचा रंग, त्यांच्या अंगावरच्या नैसर्गिक खुणा आणि माणसाने केलेल्या खुणा यांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. म्हणजे जनावराच्या कातडीवरची खूण हा राज्याच्या दप्तराचा भाग होता. तिच्यात सौंदर्यही नव्हते आणि प्रेमही नव्हते. गुरू कोणाचे, एवढाच प्रश्न होता.

५/
या खुणेला वेदनेची बाजू आहे, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते का? आले होते. अशोकाचा पाचवा स्तंभलेख पाहावा. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतरचा, म्हणजे इ.स.पू. २४३च्या सुमाराचा हा लेख. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि त्या यादीच्या आरंभीच पोपट व मैना, म्हणजे शुक आणि सारिका, हे पक्षी आहेत.

६/
त्याच लेखात पुढे एक आज्ञा येते : तिष्य आणि पुनर्वसू नक्षत्रांच्या दिवशी, चातुर्मासीच्या दिवशी आणि त्या पंधरवड्यात घोड्यांना व बैलांना डागू नये. ठरावीक दिवशी बैल, बोकड, मेंढे यांचे खच्चीकरण करू नये, असेही तो सांगतो. डागणे पूर्ण बंद झाले नाही, हे खरे. पण ते पुण्यदिवशी करण्याजोगे काम नव्हे, एवढी कबुली सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत आहे. ‘पूर्वी कोणाला असले प्रश्न पडत नसत’ म्हणणाऱ्यांनी हा लेख वाचावा.

७/
पुढे अलाउद्दीन खल्जीने (राज्यकाल १२९६–१३१६) आणि १५७०च्या दशकात अकबराने लष्करी घोड्यांवर डाग देण्याची पद्धत राबवली. कारण अगदी व्यावहारिक होते. हजेरीला चांगला घोडा दाखवायचा आणि प्रत्यक्षात भलतेच तट्टू बाळगायचे, ही सरदारांची लबाडी त्यामुळे पकडता येई. घोड्याला वेदना होत होती, हे कोणी नाकारले नाही. राज्याच्या गरजेपुढे ती मोजली गेली नाही, इतकेच.

८/ कृतज्ञता
आता पोळा. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात श्रावण अमावास्येला, तर दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर म्हणून आषाढात हा सण होतो. बैलांना नदीवर किंवा तळ्यावर धुतात, शिंगे रंगवतात, बेगड चिकटवतात. पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्यांच्या माळा. छायाचित्रांत दिसते ते एवढेच आणि वादात ओढले जाते तेही एवढेच.

९/
पण सणाचा गाभा छायाचित्रात येत नाही. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, त्याला हळद आणि तूप किंवा तेल चोळतात. दुसऱ्या दिवसाचे निमंत्रण बैलाला तिथेच मिळते. पोळ्याच्या दिवशी त्याला औताला जुंपत नाहीत. नवी वेसण, नवा कासरा, ओवाळणी आणि नैवेद्याचा घास हे सारे त्या एका दिवसाच्या सुटीभोवती उभे आहे.

१०/
म्हणजे रंग हा इथे मुख्य व्यवहार नाही. कष्टांचे ऋण मान्य करणे हा मुख्य व्यवहार, आणि रंग ही त्याची बाहेरून दिसणारी खूण. शिवाय शिंगाचे बाह्य आवरण नखासारखे निर्जीव असते. तिथे लावलेल्या रंगाने कातडी भाजत नाही. झूल आणि बाशिंग त्याच दिवशी उतरते. घोळ टाळण्यासाठी हा फरक नीट लक्षात ठेवावा.

११/
इथे थांबून पोळ्याला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र दिले, तर तीही लबाडीच ठरेल. ‘पूर्वीचे रंग नैसर्गिक होते’ हे वाक्य घ्या. शिंगांना लावायचा पारंपरिक हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. दोन्ही जुने आणि दोन्ही विषारी धातूंचे. पदार्थ प्राचीन असला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

१२/
पुढची बाब शिंगे तासण्याची. शिंगाचे आवरण निर्जीव असले, तरी आत हाडाचा जिवंत गाभा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. देखणेपणासाठी शिंग खोलवर साळले, तर ती नखे काढण्याची गोष्ट राहत नाही, जखम होते. त्यावर ऑइल पेंट फासला की ती जखम झाकली जाते. पुरणपोळ्यांचा मारा करून बैलाचे पोट बिघडवणे हेही प्रेमाच्या नावाखाली होते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठ्याला एकदम इतके गोड आणि पिठूळ अन्न झेपत नाही.

१३/
आणि ज्या बैलाचे हे कौतुक, त्याचे वृषण कधीकाळी चेचलेले असतात आणि नाकाच्या पडद्यातून वेसण गेलेली असते. झुलीखाली हा सारा इतिहास झाकलेला आहे. तेव्हा पोळ्याचा दाखला द्यायचा असेल, तर पूर्ण द्यावा. सोयीचे पान फाडून आणायचे आणि उरलेली वही लपवायची, याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहीत.

१४/ प्रदर्शन
तिसरा हेतू दरबाराचा. मुघल लघुचित्रांत पाय, पोट आणि शेपटी नारिंगी-तांबड्या रंगाने रंगवलेले घोडे दिसतात. तो मेंदीचा रंग. इराणच्या काजार दरबारातही राजघराण्याच्या घोड्यांच्या शेपट्या रंगवत. हा रंग घोड्यासाठी नव्हता आणि कृतज्ञतेसाठीही नव्हता. स्वाराचा दर्जा दुरून ओळखू यावा, यासाठी तो होता.

१५/
इथे साधनचिकित्सेचा एक धडा आहे. चित्रकाराने घोड्याची मेंदी रंगवली, घोड्याची पीडा रंगवली नाही. प्राणी बखरी लिहीत नाहीत, तक्रारअर्ज करत नाहीत. म्हणून चित्रात वेदना दिसत नाही, याचा अर्थ वेदना नव्हती असा होत नाही. पुरावा कोणी निर्माण केला आणि कोणाला तो निर्माण करता येत नव्हता, हे आधी विचारावे लागते.

१६/
हत्तीच्या बाबतीत हे उघडच दिसते. गंडस्थळावर रंगीत वेलबुट्टी, पाठीवर जरीची झूल आणि अंबारी. त्याच हत्तीच्या पायात साखळदंड आणि डोक्याशी अंकुश. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मिरवणुकीलाही लागू पडते. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी पाळलेले चित्ते गाडीवरून नेत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर कापडी झापड असे. पाहणाऱ्याला तो थाट वाटे. चित्त्यासाठी तो अंधार होता.

१७/
हौसेखातर पाळीव प्राणी सजवण्याचे भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण जुनागढचे. नवाब महाबतखान तिसरे यांनी आपल्या रोशनआरा या कुत्रीचे बॉबी या कुत्र्याशी थाटामाटात लग्न लावले. दागदागिने, भरजरी वस्त्रे, मेजवानी. नवाबांच्या कुत्र्यांची संख्या आणि लग्नाचा खर्च यांचे आकडे मात्र पुस्तकागणिक बदलतात आणि दर नव्या कथनात फुगतात. ते जसेच्या तसे पुढे ढकलू नयेत.

१८/
या गोष्टीकडे केवळ विक्षिप्त नवाबाचा किस्सा म्हणून पाहिले, तर खरा मुद्दा निसटतो. याच नवाबांच्या काळात गीरच्या सिंहांना संस्थानाचे संरक्षण होते आणि आशियाई सिंह टिकण्यात त्या संरक्षणाचा मोठा वाटा आहे. सिंहांसाठी त्यांना वेशभूषा करावी लागली नाही. जंगल आणि शिकारीवरचा अंकुश पुरला. एकाच माणसाने प्राण्यांवर केलेली ही दोन प्रेमे. त्यांतले कोणते प्राण्यांच्या कामी आले, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

१९/
युरोपही यात मागे नाही. पूडल हा मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारा कुत्रा. पोहताना अडथळा नको म्हणून त्याचे केस कातरत आणि छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले ठेवत. ही कातरणी कुत्र्याच्या सोयीची होती. पुढे पॅरिसमध्ये तिची फॅशन झाली आणि झुपके, फुगे, रिबिनी आल्या. प्राण्याच्या गरजेतून निघालेली गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी कशी राबू लागते, याचा हा नमुना.

२०/
त्याहून वाईट नमुना व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधल्या बग्गीच्या घोड्याचा. मान सतत ताठ दिसावी म्हणून त्याला एक आखूड लगाम बांधत. त्यामुळे घोड्याला चढावर मान खाली घालून जोर लावता येत नसे आणि त्याचा श्वासही कोंडे. अ‍ॅना स्यूएल यांच्या १८७७मधल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ने या फॅशनविरुद्ध लोकमत पेटवले. त्या काळीही समर्थकांचे म्हणणे हेच होते : घोडा किती रुबाबदार दिसतो!

२१/
हा रुबाब मुंबईतही आला. चकचकीत सजवलेल्या व्हिक्टोरिया गाड्या शहराची शान म्हणून मिरवल्या गेल्या. त्या गाड्यांच्या मागे कोंदट तबेले आणि डांबरी रस्त्यावर धावणारे घोडे होते. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ करमणुकीसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. शहराच्या आठवणींना ते लागले. पण आठवणी माणसांच्या होत्या आणि नाल घोड्यांच्या पायांना होते.

२२/ फसवणूक
चौथा हेतू बाजाराचा. मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गाढवांवर काळे-पांढरे पट्टे ओढून पर्यटकांची छायाचित्रे काढण्याचा धंदा विसाव्या शतकापासून चालत आला आहे. २००९मध्ये गाझातल्या एका प्राणिसंग्रहालयाने गाढवे रंगवून झेब्रे म्हणून दाखवली. २०२४मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या ताईझोऊ इथल्या प्राणिसंग्रहालयाने चाउ-चाउ कुत्रे रंगवून ‘पांडा’ केले.

२३/
भारतातला हा बाजार अधिक गरीब आहे, म्हणून दुर्लक्षित आहे. आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, निळी कोंबडीची पिल्ले विकायला असतात. यांतली बहुतेक अंड्यांसाठीच्या जातीचे नर. ते अंडी देत नाहीत आणि त्यांचे मांसही फायद्याचे नाही, म्हणून उबवणी केंद्राच्या लेखी ते निरुपयोगी. रंग दिला की तो टाकाऊ जीव खेळणे म्हणून विकला जातो. रानातल्या मुनिया पकडून, रंगवून ‘विदेशी’ म्हणून खपवल्या जातात. भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९१पासून बंदी आहे, तरीही. ज्या अशोकाने पोपट आणि मैना यादीच्या आरंभी ठेवले, त्याच्याच देशात हे घडते.

२४/
आता गुलाबी कुत्र्याकडे. त्याला ते गुलाबीपण दिसते का? कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात. तांबड्या आणि हिरव्या छटा त्याला माणसासारख्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणजे ज्या गुलाबीसाठी हा खटाटोप, ते गुलाबीपण त्याच्या जगात नाहीच. त्याच्या जगात आहे तो रंगाचा वास. गंधावर जगणाऱ्या प्राण्याच्या अंगाला तो वास चिकटतो आणि त्यापासून त्याला दूर जाता येत नाही.

२५/
गुरांनाही रंग साधारण असेच मर्यादित दिसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोळ्याचा बैलही आपल्या शिंगांचा लाल रंग मिरवत नसतो. पण त्याला त्या दिवशी जुवातून सुटका मिळते, शेकलेला खांदा मिळतो. गुलाबी कुत्र्याला त्या दिवशी काय मिळते? टेबलावर तासभर जखडून उभे राहणे, ड्रायरचा आवाज आणि समोर धरलेला मोबाइल.

२६/
देहाची बाजूही पाहावी. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते आणि अंगाला लावलेले सारे तो चाटतो. माणसांच्या केसांच्या रंगांत आणि ‘काळ्या मेंदी’त सहसा पॅराफेनिलीनडायअमीन असते. ते माणसालाही भाजते आणि पोटात गेले तर विष ठरते. २०१८मध्ये फ्लोरिडात माणसांच्या केसांचा रंग लावून जांभळी केलेली एक माल्टीज कुत्री प्राणिकेंद्रात आली, तेव्हा तिची कातडी भाजलेली होती आणि डोळे सुजून मिटले होते.

२७/
‘पण आम्ही प्राण्यांसाठीचाच सौम्य रंग वापरतो’, हा आक्षेप येईल. त्याने भाजण्याचा धोका कमी होतो, हे मान्य. प्रश्न मात्र तिथेच राहतो : हे कोणासाठी? ‘त्याला आवडते, तो शांत उभा राहतो’, हा दुसरा आक्षेप. कान मागे घेणे, ओठ चाटत राहणे, जांभया देणे, अंग ताठ करून गोठणे ही कुत्र्याच्या ताणाची लक्षणे आहेत. निमूटपणाला संमती समजण्याची चूक माणसांच्या इतिहासातही पुष्कळदा झालेली आहे.

२८/
वस्त्रांचेही तसेच. थंडीत आखूड केसांच्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला स्वेटर, जखम चाटू नये म्हणून गळपट्टी, पावसात पाठीवर आच्छादन यांना विरोध करण्याचे कारण नाही. ते प्राण्याच्या देहाची गरज ऐकून शिवलेले असते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याला मे महिन्यात लग्नाची शेरवानी घालून वरातीत फिरवणे ही हौस माणसाची आणि उकाडा त्याचा.

२९/
कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. कोलकात्यात १८६१ आणि मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. १८९०चा कायदा आला. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने वाट करून दिली आणि १९६०चा कायदा झाला. त्यातला कळीचा शब्द ‘अनावश्यक’ वेदना हा आहे. डागणे राज्याला आवश्यक वाटले, नांगर शेतकऱ्याला आवश्यक वाटला. गुलाबी रंग कोणाला आवश्यक आहे?

३०/
त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये ठेवलेला आहे. कुत्रा रंगवून घेण्याचा खर्च याच्या कितीतरी पट. ज्या समाजात हौसेची किंमत हजारात आणि पीडेची किंमत पन्नास रुपयांत ठरते, तिथे कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. निवाडा आधी मनात व्हावा लागतो.

३१/
त्या निवाड्याची कसोटी साधी आहे : पाहणारा कोणीच नसता, तर हे केले असते का? डाग दप्तरासाठी होता, मेंदी दरबारासाठी, पट्टे गिऱ्हाइकासाठी, गुलाबी रंग कॅमेऱ्यासाठी. पाहणारा काढून घेतला की यांतले काहीच उरत नाही. शिंगांचा हिंगूळसुद्धा उरत नाही, हेही मान्य करावे. म्हणून शिंगे तासणे आणि ऑइल पेंट यांच्या बाजूने परंपरेला उभे करता येत नाही.

३२/
या कसोटीला एकच गोष्ट पुरेपूर उतरते : खांदमळणी. ती गोठ्यात, दिव्याच्या उजेडात, वाजंत्रीशिवाय होते. जिथे जुवाने घट्टा पडला, नेमका तिथेच हात जातो. प्राण्यांवरच्या प्रेमासाठी परंपरेतला दाखला हवाच असेल, तर तो हा आहे. शिंगांचा रंग घेऊन खांदा विसरणाऱ्यांनी यापुढे पोळ्याचे नाव घेऊन कुत्रे रंगवू नयेत.

॥ थ्रेड समाप्त ॥